सिंधुदुर्गचा सागर, लेखांक ६ : नाळेपुढचा देवमासा

मागील लेखांकात मासेमारीच्या जाळ्यांत अडकणाऱ्या सागरी सस्तन प्राण्यांचा विचार झाला. याच प्राण्यांना असलेला दुसरा धोका किनाऱ्यावरून दिसत नाही आणि म्हणूनच त्याची चर्चाही फारशी होत नाही. तो म्हणजे मोठ्या जहाजांची धडक. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सुमारे १२१ किलोमीटर लांबीच्या किनाऱ्याबाहेर, रापणीच्या होड्या तर सोडाच पण गिलनेटवाले जिथवर जातात त्याच्याही पलीकडे, कच्छच्या आखातातील आणि मुंबईजवळच्या बंदरांतून कोची व कोलंबोकडे जाणारी व्यापारी जहाजे किनाऱ्याला समांतर अशी रात्रंदिवस धावत असतात. दक्षिणेस मुरगाव, उत्तरेस जयगड आणि खुद्द जिल्ह्यात रेडी अशी बंदरे असल्यामुळे त्यांतील काही जहाजे ही वाट सोडून किनाऱ्याकडे आडवी वळतात. याच पाण्यात देवमासेही वावरतात, ही गोष्ट येथील मच्छीमारांना ठाऊक असली तरी अभ्यासकांच्या दप्तरी तिची रीतसर नोंद होण्यास बराच उशीर लागला.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. परंतु सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे हे क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर असल्याने, एका दिवसात शंभराहून अधिक किलोमीटर सहज कापणाऱ्या प्राण्याला त्याचा लाभ जवळजवळ नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने गेल्या दशकात जिल्ह्यात सागरी जैवविविधतेचा जो प्रकल्प राबवला गेला, त्याच्या निमित्ताने कोकण सिटेशियन रिसर्च टीम या अभ्यासगटाने डॉल्फिन व देवमासे यांची पद्धतशीर पाहणी सुरू केली. सिटेशियन म्हणजे देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज यांचा मिळून होणारा प्राणिगण. या गटाला २०१५ साली कुणकेश्वरच्या परिसरातील समुद्रात ब्रायडचे देवमासे तर दिसलेच, शिवाय निळा देवमासा पिल्लासह आढळला. वृत्तपत्रांनी त्या वेळी ‘शंभर वर्षांनी निळा देवमासा परतला’ अशा आशयाचे मथळे दिले. मथळा म्हणून ते ठीक होते. पण देवमासे कुठेतरी निघून गेले होते याला काही पुरावा नाही, त्यांच्याकडे पाहणारे कोणी नव्हते एवढेच त्यातून सिद्ध होते.

त्याच वर्षीच्या जून महिन्यात रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर चाळीस फुटांहून लांब असा निळा देवमासा जिवंत अवस्थेत येऊन पडला आणि वाचवण्याचे प्रयत्न चालू असतानाच मेला. पाठोपाठ जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत जुहूच्या वाळूवर ब्रायडच्या देवमाशाचे कलेवर लागले. अशा प्रत्येक घटनेनंतर गर्दी जमते, छायाचित्रे निघतात आणि यंत्रे आणून खड्डा खणला जातो. मृत्यूचे कारण काय, हा प्रश्न बहुतेक वेळा त्या खड्ड्यातच गाडला जातो.

सिंधुदुर्गच्या दृष्टीने ब्रायडचा देवमासा सर्वांत महत्त्वाचा आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे देवमाशांच्या शिकारीचे केंद्र उभारण्यात पुढाकार घेणाऱ्या योहान ब्रायड या नॉर्वेच्या उद्योजकाचे नाव या प्राण्याला मिळाले आहे. बारा ते पंधरा मीटर लांबीचा हा देवमासा ओळखण्याची खूण त्याच्या डोक्यावर असते. त्याच्या कुळातील इतर देवमाशांच्या डोक्यावर श्वासरंध्रापासून तोंडाच्या टोकापर्यंत एकच उंचवटा जातो, ब्रायडच्या डोक्यावर मात्र तीन समांतर कडा असतात आणि तो श्वासासाठी वर आला की पाणी ओघळताना त्या स्पष्ट दिसतात. त्याला दात नसतात; वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या झालरीसारख्या पट्ट्यांनी तो पाणी गाळतो आणि तारली, पेडवे यांसारख्या लहान माशांचे थवेच्या थवे गिळतो. इतर अनेक मोठे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडील थंड पाण्यात चरायला जातात, हा मात्र उष्ण कटिबंधातच वर्षभर राहतो. मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत तळाचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांच्यावर तारलीचे थवे पोसले जातात. ज्या समृद्धीवर मालवणच्या मासळीबाजाराची उलाढाल चालते, तिच्याच आधाराने हा देवमासाही जगतो. तो कायमचा रहिवासी असल्यामुळे जहाजांच्या वाटेवर येण्याची त्याची पाळी वर्षातून एकदा नव्हे, रोजच येते.

याहून नाजूक स्थिती अरबी समुद्रातील कुबड्या देवमाशाची आहे. जगातील बाकीचे कुबडे देवमासे हजारो किलोमीटर स्थलांतर करतात, परंतु अरबी समुद्रातील समूह त्यांच्यापासून दीर्घकाळ तुटलेला असून या समुद्राबाहेर जात नाही. ओमानच्या किनाऱ्यावर केलेल्या गणनेत त्याची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज निघाला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ ‘लुबान’ नावाच्या एका मादीच्या अंगावर उपग्रहाला संकेत पाठवणारे यंत्र बसवण्यात आले. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समुद्रात आली, तेथून भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. गोव्यापर्यंत आलेल्या प्राण्याच्या दृष्टीने सिंधुदुर्ग शेजारच्या वाडीइतका जवळ आहे, आणि शंभरांच्या समूहातील एक मादी जहाजाखाली सापडणे म्हणजे त्या समूहाच्या पुढच्या कित्येक पिल्लांचा हिशेबच पुसला जाणे होय.

येथे एक स्वाभाविक प्रश्न उपस्थित होतो. देवमाशाची श्रवणशक्ती तीव्र असते, जहाजाचा आवाज तर प्रचंड, मग तो बाजूला का होत नाही? याची पहिली कारणे ध्वनीच्या वर्तनात आहेत. जहाजाचा मुख्य आवाज त्याच्या पिछाडीला असलेल्या पंख्यातून निघतो. दोनशे-तीनशे मीटर लांबीचे जहाजाचे अंग मध्ये असल्यामुळे नाळेपुढे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, या आवाजाची एक प्रकारची सावली पडते. शिवाय पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या लहरी मूळ लहरींना छेद देत असल्यामुळे पृष्ठभागालगत कमी कंपनसंख्येचा आवाज आणखी क्षीण होतो. परिणामी जहाज जिथे सर्वांत घातक असते नेमके तिथेच ते कमी ऐकू येते. दुसरे कारण प्राण्याच्या स्वभावात आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर निळ्या देवमाशांच्या अंगावर नोंदयंत्रे लावून केलेल्या अभ्यासात असे दिसले की जहाज जवळ आल्यावर काही देवमासे सावकाश खाली बुडी घेतात, पण बाजूला पोहून वाट सोडत नाहीत. लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीत निळ्या देवमाशाला इतक्या वेगाने अंगावर येणारे आणि त्याच्याहून दहापट लांब असे काहीच भेटले नव्हते. त्यामुळे पळून जाण्याची उपजत सवय त्याच्यात घडलीच नाही. जहाजाला देवमासा टाळण्याची सोय नाही असे नव्हे, पण भरलेले मोठे जहाज पूर्ण थांबायला काही किलोमीटर अंतर लागते, आणि रात्री किंवा पावसाळी लाटांत देवमाशाची पाठ जहाजाच्या सुकाणूकक्षातील अधिकाऱ्याला दिसणे जवळजवळ अशक्य असते.

धडकेचा परिणाम ठरवणारा मुख्य घटक वेग आहे. जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात ताशी १.८५ किलोमीटर. नोंदलेल्या धडकांचा अभ्यास करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्राणघातक किंवा गंभीर जखमा बहुतांशी ८० मीटर वा त्याहून लांब आणि १४ नॉट वा त्याहून वेगाने जाणाऱ्या जहाजांमुळे झाल्याचे आढळले. २००७ सालच्या दुसऱ्या एका विश्लेषणात, धडक बसल्यास देवमासा दगावण्याची शक्यता ८.६ नॉटला सुमारे २० टक्के, तर १५ नॉटला सुमारे ८० टक्के निघाली. वेग सहा-साडेसहा नॉटांनी उतरला की मृत्यूचे पारडे असे पूर्ण फिरते. म्हणूनच बहुतेक देशांतील उपायांत १० नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, ही मर्यादा पुनःपुन्हा येते.

मग सिंधुदुर्गच्या समुद्रात अशा किती धडका होतात? या प्रश्नाच्या उत्तराआड निसर्गच उभा आहे. मेलेला देवमासा बहुधा बुडतो. जे थोडे तरंगतात त्यांतील बरेचसे वाऱ्याच्या दिशेनुसार दूर वाहून जातात. किनाऱ्यावर पोचणारे कलेवर कुजलेले असते आणि त्याच्या अंगावरच्या जखमा शार्कांनीही केलेल्या असू शकतात. तरीही जाणकार पशुवैद्यकाला त्यात बरेच काही वाचता येते. पंख्याने केलेले काप एकमेकांना समांतर आणि साधारण सारख्या अंतरावर असतात. नाळेची धडक मात्र पुष्कळदा कातडीवर खूणही ठेवत नाही, तिची साक्ष आत मोडलेल्या कवटीत, फासळ्यांत किंवा मणक्यांत सापडते. त्या मोडलेल्या हाडाभोवतीच्या मांसात रक्त साकळलेले असेल तर आघात झाला तेव्हा प्राणी जिवंत होता असा निष्कर्ष निघतो, कारण मेलेल्या शरीरात रक्ताभिसरण नसल्याने असा रक्तस्राव होत नाही. म्हणजे बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या देवमाशाला जहाजाने मारलेले असू शकते, आणि चरबीचा जाड थर कापून हाडापर्यंत पोचल्याशिवाय ते कधीच कळणार नाही.

असे शवविच्छेदन नियमितपणे झाल्यास काय घडू शकते, याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडमध्ये आहे. ऑकलंड बंदरासमोरच्या हौराकी आखातात ब्रायडच्याच देवमाशांचा एक छोटा रहिवासी समूह आहे. तेथे ज्या वीस मृत देवमाशांची तपासणी झाली त्यांतील सतरा जहाजांच्या धडकेने मेल्याचे निष्पन्न झाले. नोंदयंत्रांवरून असेही दिसले की हे देवमासे आपला ९० टक्क्यांहून अधिक वेळ पाण्याच्या वरच्या थरात, म्हणजे मोठ्या जहाजांचा तळ जितक्या खोलीपर्यंत पोचतो तेवढ्याच पाण्यात घालवतात, आणि रात्री तर अगदी पृष्ठभागालगत विसावतात. हा पुरावा समोर ठेवून अभ्यासक, बंदराचे अधिकारी, जहाज कंपन्या आणि तेथील माओरी समाज एकत्र बसले आणि २०१३ साली ऐच्छिक आचारसंहिता ठरली. कोणताही कायदा न होता जहाजांचा सरासरी वेग १३ नॉटांच्या पुढून १० नॉटांच्या आसपास उतरला. दरवर्षी सरासरी दोन देवमासे धडकेने मरत होते, २०१४ नंतर अनेक वर्षे असा एकही मृत्यू सिद्ध झाला नाही. प्राणी तोच, सवयी त्याच. फरक फक्त कलेवरे उघडून पाहण्याचा.

वेग कमी करणे हा एक मार्ग, वाट बदलणे हा दुसरा. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळ, मिरिस्सासमोर, निळे देवमासे जिथे चरतात तिथूनच जगातील अत्यंत वर्दळीचा जहाजमार्ग जातो. हा मार्ग सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडे सरकवला तर धडकेचा धोका ९५ टक्क्यांपर्यंत घटेल असा अभ्यासकांचा हिशेब आहे. अधिकृत मार्ग बदललेला नसतानाही मेडिटरेनियन शिपिंग कंपनी या बलाढ्य कंपनीने २०२२ पासून आपली जहाजे स्वतःहून त्या दक्षिणेकडच्या वाटेने न्यायला सुरुवात केली. २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील संशोधनाने जगभरातील चित्र मांडले: निळा, फिन, कुबड्या आणि स्पर्म या चार जातींच्या अधिवासापैकी ९२ टक्के क्षेत्रावर जहाजांची वाहतूक आहे, पण सर्वाधिक धोक्याच्या ठिकाणांपैकी सात टक्क्यांहूनही कमी जागी काही उपाय योजले गेले आहेत.

भारतात समुद्रातील वाटा बदलता येत नाहीत असे नाही. व्यापारी जहाजांनी मासेमारी नौकांना धडक दिल्याच्या घटना वाढल्यानंतर केंद्र सरकारने नैर्ऋत्य किनाऱ्याबाहेर जहाजांच्या आणि मासेमारी नौकांच्या वाटा वेगळ्या केल्या आणि १ ऑगस्ट २०२० पासून ते मार्ग अमलात आले. जी यंत्रणा माणसांच्या होड्यांसाठी नकाशावर रेघ ओढू शकते, ती देवमाशांसाठीही ओढू शकते. अडचण तांत्रिक नसून पुराव्याची आणि इच्छेची आहे. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९७९ सालीच हिंदी महासागर अभयारण्य घोषित करून येथील व्यापारी शिकार बंद केली, आणि भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात देवमासे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत आहेत. परंतु हे दोन्ही आधार हातात भाला घेतलेल्या शिकाऱ्यासाठी लिहिलेले आहेत, ठरलेल्या वेळेत बंदर गाठायला निघालेल्या मालवाहू जहाजाला ते लागू करणे कठीण जाते.

किनाऱ्यालगतचे चित्र आकाराने लहान असले तरी त्याच जातीचे आहे. तारकर्ली, देवबाग आणि निवतीच्या पाण्यात डॉल्फिन दाखवायला जाणाऱ्या होड्यांपैकी काही पर्यटकांना खूश करण्यासाठी वेगाने थव्याचा पाठलाग करतात किंवा त्याला चारी बाजूंनी घेरतात. उथळ पाण्यात राहणाऱ्या कुबडाच्या डॉल्फिनला आणि पाठीवर पर नसलेल्या लाजाळू पॉरपॉइजला आऊटबोर्ड इंजिनाच्या पंख्याची जखम पुरेशी असते. थव्यापासून अंतर राखणे, इंजिन मंद करणे आणि पिल्लू दिसताच माघार घेणे, एवढ्या तीन गोष्टी मालवणच्या अनुभवी तांडेलांना कोणी शिकवण्याची गरज नाही. त्या पाळल्या जातील अशी मागणी पर्यटकांनीच तिकीट काढताना करावी.

खोल समुद्रातील प्रश्नाची सुरुवात मात्र किनाऱ्यावरच व्हायला हवी. देवमासा किंवा डॉल्फिन वाळूवर लागलेला दिसल्यास, मग तो जिवंत असो वा कुजलेला, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे, शरीराच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पशुवैद्यकाने हाडांपर्यंत तपासणी केल्याशिवाय ग्रामपंचायतीने खड्डा खणू देऊ नये.