तळखड्यावरचं चर्च

बारामतीतला एखादा जुना वाडा उतरवताना पाहिलाय? भिंती आधी जातात. सागाचे खांब, हस्त आणि तुळया शेवटपर्यंत उभ्या. ओझं सगळं त्यांच्यावर, भिंत नुसता आडोसा. आणि खांबाखाली दगडी तळखडा, जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. इंदापूरकडच्या जुन्या सुतारांनी तळखड्याशिवाय खांब उभाच केला नसता.

मला हा तळखडा आठवला तो नॉर्वेतल्या उर्नेसची हकिकत वाचताना.

लुस्त्रफ्योर्डच्या काठी, चढावर, हे लाकडी चर्च उभं आहे. आत गोल खांब, त्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी; दगडी चर्चची घडण जशीच्या तशी लाकडात उतरवलेली. पण उत्तरेच्या भिंतीत एक दार आहे. त्यावर सडपातळ श्वापदं आणि साप एकमेकांत असे गुंतलेत, की एकाची शेपटी शोधताना दुसऱ्याचं तोंड सापडतं. बाकीच्या इमारतीशी त्या कोरीवकामाचा मेळच बसत नाही. मग ते आलं कुठून?

1950च्या दशकात होकोन क्रिस्टी यांनी चर्चच्या पोटात उत्खनन केलं. जमिनीखाली लागले ते खांब रोवण्याचे खड्डे! म्हणजे याच जागी आधी खांब थेट मातीत पुरलेली इमारत होती. मातीत गेलेलं लाकूड कुजतंच. आजच्या चर्चचे खांब मात्र आडव्या तुळयांवर उभे आहेत आणि त्या तुळयांखाली दगड आहेत. तळखडाच म्हणा ना!

आता प्रश्न वयाचा. झाड वर्षाला एक कडं वाढवतं. बऱ्या सालात रुंद, वाईट सालात अरुंद. या जाड-बारीक कड्यांचा क्रम ज्ञात लाकडांशी जुळवला आणि सालीलगतचं शेवटचं कडं शाबूत असलं, तर झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं तेही कळतं. उर्नेसच्या खांबांची झाडं पडली 1129-30च्या हिवाळ्यात. पॅरिसच्या नोत्र दामचा पाया घातला गेला 1163च्या सुमारास. गॉथिक कारागिरांनी ओझं खांबांवर आणि फासळ्यांवर तोलून भिंती काचांसाठी मोकळ्या केल्या, त्याच शतकात उत्तरेचे सुतार भिंतीचं ओझं लाकडी सांगाड्यावर देत होते. मला यात आपल्या वाड्याचा सांगाडा दिसतो आणि फार आनंद होतो.

नॉर्वेत अशी हजारावर चर्च होती. उरलीत 28.

आणि ते दार? त्याच्या लाकडाची कडी 1069-70 सांगतात. आधीचं चर्च जेमतेम साठ वर्षांनी उतरवलं गेलं. उतरवताना कुणाला तरी ते साप टाकून देववले नाहीत. त्याने फळ्या जपून काढल्या आणि नव्या भिंतीत बसवल्या.