काटकसरीची शर्यत

मोटारींची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? जमिनीला पोट टेकलेली लालभडक फेरारी, कानठळ्या बसवणारा आवाज, शॅम्पेनचे फवारे आणि पैसा पाण्यासारखा ओतणारी माणसे. या चित्रात भाजी आणायला नेण्याची, पोरांना शाळेत सोडायची, मागे गव्हाचे पोते टाकायची गाडी कुठेच नसते. पण मोटारशर्यतींच्या जगात एक वेगळी पंगत आहे. तिचे मानकरी आहेत साठ-सत्तरच्या दशकांतल्या चिमुकल्या, हलक्या, काटकसरी जपानी गाड्या. कारकून-मास्तरांना परवडाव्यात म्हणून जन्माला आलेल्या या गाड्या पन्नास-साठ वर्षांनंतर आजही मैदानात धावतात, आणि शहाणीसुरती माणसे त्यांच्यापायी वेडी होतात. मीही त्या वेड्यांपैकीच एक. हे वेड नेमके कशाचे, ते आज सांगायचे आहे.

त्यासाठी आधी युद्धानंतरच्या जपानमध्ये जावे लागेल. पेट्रोल महाग, रस्ते अरुंद आणि खिसे रिकामे, अशी तेव्हाची परिस्थिती. सरकारने छोट्या गाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग ठरवला आणि त्यांना करात सवलत दिली. १९५५ च्या सुमारास या वर्गातल्या इंजिनाची मर्यादा ३६० सीसी झाली, म्हणजे आपल्या बुलेट मोटारसायकलीच्या इंजिनाएवढीच. एवढ्याशा इंजिनावर चौघांचे कुटुंब ओढायचे, तर गाडीचे वजन वाढू देणे परवडणारेच नव्हते. योगायोग असा की, पराभवानंतर जपानला विमाने बनवायला बंदी झाली होती, आणि विमानांच्या कारखान्यांतले कसलेले अभियंते मोटारींकडे वळले होते. विमानाच्या अभियंत्याला वजनाचा शत्रूसारखा तिटकारा असतो. १९५८ साली आलेली सुबारू ३६० ही गाडी चारशे किलोंच्या आत होती, आणि वजन वाचवण्यासाठी तिचे छप्परही फायबरचे केले होते. टोयोटामध्ये तात्सुओ हासेगावा हे असेच विमानांकडून मोटारींकडे आलेले गृहस्थ. पुढे जगभर गाजलेली पहिली कोरोला त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली.

१९६२ मध्ये होंडाने सुझुका येथे शर्यतीचा रस्ता बांधला, आणि पुढच्याच वर्षी तिथे पहिली जपान ग्रां प्री झाली. गंमत अशी की, त्या महोत्सवात चारशे सीसीच्या आतल्या गाड्यांचीही एक शर्यत होती! ती जिंकली सुझुकीच्या फ्रॉन्टे या चिमुकल्या गाडीने. सुबारूवाल्यांना हा पराभव झोंबला. वर्षभर खपून त्यांनी १९६४ मध्ये पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक पटकावून उट्टे काढले. त्याच वर्षी होंडाची एस६०० ही सहाशे सीसीची छोटी स्पोर्ट्स गाडी जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या ५०० किलोमीटरच्या शर्यतीत आपल्या गटात पहिली आली. तिचा चालक होता डेनी हल्म, जो पुढे १९६७ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. या होंडाचे इंजिन घड्याळासारखे नाजूक आणि नेमके होते. मिनिटाला साडेआठ हजार फेरे घेऊन ५७ अश्वशक्ती देणारे!

तिच्यासमोर टोयोटाने १९६५ मध्ये स्पोर्ट्स ८०० उभी केली, आणि इथे खरी कथा सुरू होते. हासेगावांच्याच या गाडीला पब्लिका नावाच्या साध्या, स्वस्त गाडीचे यंत्र होते. हवेवर थंड होणारे दोन सिलिंडर आणि ताकद अवघी ४५ अश्वशक्ती. कागदावर होंडापुढे तिचा निभाव लागायचा नाही. पण तिचे वजन होते फक्त ५८० किलो, आणि अंग असे गुळगुळीत घडवलेले की वाऱ्याला अडायला जागाच नको. १८ जुलै १९६५ रोजी टोकियोजवळच्या फुनाबाशी येथे तोजिरो उकिया नावाचा तरुण ती घेऊन उतरला. सुरुवातीलाच होंडा एस६०० चालवणाऱ्या तेत्सू इकुझावाच्या गाडीशी त्याची टक्कर झाली. चाकावरचा पत्रा दबून टायरला घासू लागला. तो सरळ करून पुन्हा रस्त्यावर येईपर्यंत उकिया सोळाव्या क्रमांकावर फेकला गेला होता. तिथून तो एकेक गाडी मागे टाकत गेला, अखेर इकुझावालाही ओलांडले आणि शर्यत जिंकली. जपानमध्ये आजही ही शर्यत दंतकथेसारखी सांगितली जाते. कारण पुढच्याच महिन्यात सुझुकाला सराव करताना अपघातात उकिया गेला. वय अवघे २३. या छोट्या गाड्यांचे कौतुक करताना हा मुलगा विसरून चालत नाही. पत्रा पातळ आणि गाडी हलकी म्हणजे आतल्या माणसाला कवचही कमीच.

१९६६ च्या सुरुवातीला याच गाडीने आणखी एक चमत्कार केला. सुझुकाच्या ५०० किलोमीटरच्या शर्यतीत तिच्याहून कितीतरी बलवान गाड्या होत्या. त्या पुढे पळायच्या आणि पेट्रोल भरायला थांबायच्या. शिहोमी होसोया मात्र आपली स्पोर्ट्स ८०० घेऊन एकाच लयीत फिरत राहिला, आणि एकदाही पेट्रोलसाठी न थांबता पहिला आला. दुसरा क्रमांकही याच गाडीचा. ससा-कासवाची गोष्टच ही. फरक एवढाच की इथे ससे झोपले नव्हते, त्यांची भूकच मोठी होती.

आता थोडे शास्त्र, पण घाबरू नका. पाच माणसे आणि सामान भरून खंबाटकीचा घाट चढलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे. लहान इंजिनाच्या गाडीचा वेग एकदा मोडला की परत यायला फार वेळ लागतो. बलाढ्य गाडीचा चालक हा श्रीमंत बापाचा मुलगा असतो. वळणावर वेग उधळला तरी पुढच्या सरळ रस्त्यावर पाय दाबला की भरून निघतो. छोट्या गाडीचा वेग म्हणजे महिनाअखेरचा पगार. ब्रेकवर विनाकारण पाय पडला की तेवढा खर्च झाला, आणि पुढच्या पगारापर्यंत उधारी नाही. म्हणून या गाडीचा चालक वळण लांबून वाचतो, शक्य तेवढा रुंद वळसा घेतो आणि मिळवलेला वेग सांभाळत नेतो. हलकेपणाचा फायदा त्याला इथे मिळतो. वजन निम्मे, तर त्याच वेगातून थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जाही निम्मी. वळणावर बाहेर फेकू पाहणारा जोरही निम्मा. टायर झिजतात कमी, पेट्रोल लागते कमी. एकूण कमाई लहान, पण गळती जवळजवळ नाही.

२०१८ मध्ये कामानिमित्त जपानला गेलो असताना टोकियोच्या ईशान्येला असलेल्या त्सुकुबाच्या मैदानावर मी जुन्या गाड्यांच्या शर्यती पाहिल्या. दोन किलोमीटरांचा छोटा, वळणावळणांचा रस्ता. बायका-मुलांसह आलेली कुटुंबे, मांडीवर जेवणाचे डबे, आणि गाड्यांशेजारी हात काळे करून बसलेले पिकल्या केसांचे लोक. मला सर्वांत आवडली ती १९७० ची निसान सनी. दिसायला इतकी साधी, की लहान मुलाला मोटार काढायला सांगितली तर तो हीच काढील. वजन सातशे किलोंच्या घरात, इंजिन बाराशे सीसीचे, कारखान्यातून निघताना ताकद ६८ अश्वशक्ती. पण सत्तरच्या दशकात फुजीच्या शर्यतींत उस्तादांनी याच जुन्या पद्धतीच्या इंजिनावर हात चालवून ते मिनिटाला दहा हजार फेऱ्यांपर्यंत नेले. त्या सनी समोरून गेल्या तेव्हा गांधीलमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज झाला. पाच-सहा गाड्या, एकमेकींना जवळजवळ चिकटून, फेरीमागून फेरी. कोण चुकले, कोणी वेळ साधली, ते माझ्यासारख्या परक्यालाही दिसत होते. मोठ्या शर्यतीत डोळ्यांसमोरून नुसती वीज जाते. इथे माणूस दिसतो. आणि सुटे भाग? सनीचा छोटा ट्रक जपानमध्ये १९९४ पर्यंत बनत होता. त्यामुळे त्या इंजिनाच्या भागांची कितीतरी वर्षे ददात पडली नाही.

आता तुम्ही म्हणाल, या जपानी कौतुकाशी आपला काय संबंध? संबंध अगदी घरचा आहे. १९६३ मध्ये सुझुकाला जिंकलेल्या त्या फ्रॉन्टेच्याच वंशातली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० या नावाने आपल्या अंगणात आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. तिच्याच इंजिनावर पुढे एक आसनी शर्यतीच्या गाड्या बनल्या. त्या फॉर्म्युला मारुतीतूनच नारायण कार्तिकेयनने श्रीपेरुंबुदूरला शर्यतीचा श्रीगणेशा केला, आणि २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. ज्या इंजिनाने आपल्याला शिर्डीला आणि कोकणात नेले, त्याने एकाला तिथवर नेले!

पण या वेडाला एक दुखरी बाजू आहे. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस संग्रहालयांत चकाकत उभ्या असतात, कारण त्या मुळातच महाग होत्या. स्वस्त वस्तू मात्र कोणी जपून ठेवत नाही. ती वापरायची, झिजवायची आणि भंगारात घालायची. टोयोटा स्पोर्ट्स ८०० एकूण तीन हजारांच्या वरच थोड्या बनल्या. उरल्या त्यातल्या मोजक्या. जपानमध्ये पेट्रोलच्या गाडीला तेरा वर्षे झाली की कर वाढतो. शिवाय ज्या गाड्या उरतात त्यांना श्रीमंतांची दृष्ट लागते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथेत टोफू विकणाऱ्याचा मुलगा बापाची जुनी टोयोटा एई८६ घाटात पळवतो. ती कथा गाजली, आणि ज्या गाडीचे वैशिष्ट्य सामान्यांना परवडणे हेच होते, तिच्या किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. काटकसरीच्या शर्यतीत पैशाने शिरकाव केला, की तिच्यातला जीवच निघून जाईल, अशी मला भीती वाटते.

आपल्याकडे तर जपणेही अजून नीट सुरू झालेले नाही. २०१४ मध्ये मारुती ८०० चे उत्पादन थांबले. पंधरा वर्षांनी नव्याने नोंदणी करण्याची कटकट नको, म्हणून कित्येकांनी धडधाकट गाड्या भंगारवाल्याला दिल्या. त्यातल्या शंभर जरी वाचवल्या, आत लोखंडी नळ्यांचा भक्कम पिंजरा बसवला आणि त्यांच्यासाठी बंदिस्त मैदानावर स्वस्तातली शर्यत ठेवली, तर बोरघाटात जीव धोक्यात घालणाऱ्या पोरांना वेग कशाशी खातात हे शिकायला एक शहाणी जागा मिळेल. गाडी कमी ताकदीची आहे म्हणून हरलो, अशी सबब तिथे चालणार नाही. सगळ्यांची गाडी तेवढ्याच ताकदीची असेल.