खडक, लाटा आणि प्रकाश

कॅलिफोर्नियातील कार्मेल या गावाच्या दक्षिणेस पॉइंट लोबोस नावाचे एक लहानसे भूशिर पॅसिफिक महासागरात शिरलेले आहे. तेथील खडकांवर पहुडलेल्या सागरी सिंहांना स्पॅनिश लोक ‘समुद्रातील लांडगे’ म्हणत. त्यावरून या स्थळास हे नाव पडले. १९३३ सालापासून हा प्रदेश राज्याने राखून ठेवला आहे. काही तासांत पायी हिंडून होईल एवढेच त्याचे क्षेत्र. परंतु छायाचित्रणाच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. खडबडीत सागरकिनाऱ्याचे चित्र कसे घ्यावे, हा प्रश्न तेथे एका माणसाने सुमारे वीस वर्षे सोडविला. एडवर्ड वेस्टन हे त्याचे नाव.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. किनाऱ्यावरील कोणतीच गोष्ट स्थिर नसते. लाट हलते, ढग सरकतो, धुके येते आणि विरते, भरतीचे पाणी चढते. एकटा खडक तेवढा आपल्या जागी असतो. पण त्याच्यावरचा प्रकाश पालटला की तोही निराळा दिसू लागतो.

प्रथम या खडकांचीच ओळख करून घेऊ. पॉइंट लोबोस येथे मुख्यतः दोन प्रकारचे खडक आढळतात. एक ग्रॅनाइटच्या जातीचा असून सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात खोलवर थिजून तयार झाला. तो भेगांच्या रेषेत तुटतो. म्हणून त्याचे कडे उभे आणि धारदार असतात. दुसरा वालुकाश्म व पिंडाश्म यांचा, म्हणजे वाळू आणि तिच्यात रुतलेले गोटे घट्ट होऊन बनलेला. त्याचे थर समुद्राच्या तळाशी साचले आणि पुढे कलून वर आले. लाटा आणि खारी हवा यांनी त्याला पोखरून वाटोळे खळगे व नागमोडी खाचा पाडल्या आहेत. पहिल्या खडकाची शोभा त्याच्या आकारात आहे, दुसऱ्याची त्याच्या पृष्ठभागावरील रेषांत. यामुळे जो प्रकाश एकाला खुलवितो तो दुसऱ्याला मारक ठरतो.

आता हवेकडे वळू. वसंत व ग्रीष्म ऋतूंत या किनाऱ्याला समांतर वायव्येचे वारे वाहतात. वारा आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या संयुक्त परिणामाने किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर, समुद्राकडे ढकलले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खोलातील थंड पाणी वर येते. म्हणूनच ऐन उन्हाळ्यातही येथील समुद्र गारठलेला असतो. महासागरावरून येणारी दमट हवा या थंड पाण्यावरून जाताना निवते, तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू होतात आणि धुके तयार होते. अनेकदा ते पहाटे किनारा व्यापते, सूर्य वर आल्यावर विरत जाते आणि सायंकाळी पुन्हा समुद्रावरून आत सरकते. एकाच दिवसात छायाचित्रकारापुढे असे तीन निरनिराळे किनारे उभे राहतात.

धुक्यातील प्रत्येक जलबिंदू प्रकाश चोहोकडे विखुरतो. त्यामुळे सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. जवळचा खडक काळा, त्यापलीकडचा करडा, त्याहून दूरचा फिकट अशा पायऱ्या पडतात आणि अंतराचा बोध होतो. ओले गोटे, केल्प नावाच्या सागरी शैवलाचे गुंतलेले पट्टे किंवा सायप्रस वृक्षांची पिळवटलेली मुळे टिपावयाची असतील तर याहून चांगला प्रकाश नाही. मोकळ्या आकाशातील दुपारच्या सूर्याची गोष्ट उलट आहे. प्रकाश मोजण्याच्या लक्स या एककात सांगावयाचे तर त्या वेळी सुमारे १,००,००० लक्स प्रकाश जमिनीवर पडतो. आकाश ढगाळ असल्यास तो याच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी होतो. प्रखर उन्हात फेस डोळे दिपवितो आणि कपारी काळ्याकुट्ट पडतात.

मनुष्याचा डोळा असा फरक सहज पेलतो, कारण तो फेसाकडून कपारीकडे वळताच स्वतःला जुळवून घेतो. फिल्मला ही सवलत नाही. तिला सर्व काही एकदाच आणि एकाच मापाने पाहावे लागते. फेस साधला तर कपार बुडते; कपार साधली तर फेसाचा पांढरा डाग होतो.

ही अडचण फार जुनी आहे. १८५६-५७ च्या सुमारास फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी सागराची चित्रे घेतली, तेव्हाची कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील होती. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. ल ग्रे यांनी यावर एक तोड काढली. काही चित्रांसाठी त्यांनी आकाशाचे एक आणि समुद्राचे दुसरे असे दोन निगेटिव्ह घेतले आणि छापताना ते क्षितिजाच्या रेषेवर जोडले.

वेस्टन यांनी मात्र अशी जोडणी केली नाही. १९२९ साली ते कार्मेल येथे राहावयास आले आणि त्याच वर्षी त्यांनी पॉइंट लोबोस येथे काम सुरू केले. त्यांचा कॅमेरा तिपाईवर ठेवावयाचा, ८ बाय १० इंचांची फिल्म घेणारा, अवजड असा होता. निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून ते चित्र छापीत. मोठे करून चुका झाकण्यास वाव नव्हता. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को भागातील काही छायाचित्रकारांनी स्थापलेल्या एका गटात तेही होते. या गटाने भिंगाच्या छिद्राच्या ‘एफ ६४’ या मापावरूनच आपले नाव घेतले.

या मापाचा अर्थ असा की, छिद्राचा व्यास भिंगाच्या केंद्रांतराच्या चौसष्टाव्या भागाइतका ठेवावयाचा. छिद्र इतके लहान केले म्हणजे पायाजवळचा गोटा आणि दूरचा कडा दोन्ही सुस्पष्ट उमटतात. पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. ‘एफ ८’ च्या तुलनेत ‘एफ ६४’ छिद्राचा व्यास आठपट कमी, म्हणून आत येणारा प्रकाश चौसष्टपट कमी. ज्या दृश्याला सेकंदाचा साठावा भाग पुरला असता त्याला आता एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ हवा. चार मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे ६ मीटर वेगाने पुढे सरकते. म्हणजे तेवढ्यात ती चित्रातून निघून जाते आणि तिच्या जागी धुरासारखा पुसट पट्टा उरतो. खडक स्पष्ट हवा की लाट, याचा निर्णय झडप उघडण्यापूर्वीच करावा लागतो.

आणखीही काही फसवणुकी आहेत. प्रकाशमापक यंत्र समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे गृहीत धरते. फेसाकडे किंवा धुक्याकडे ते रोखले तर त्याने सांगितलेल्या मापाने चित्र काळपट येते. प्रकाश दुप्पट ते चौपट द्यावा लागतो. ओला खडक कोरड्यापेक्षा काळा दिसतो, कारण त्यावरील पाण्याच्या पातळ थरात प्रकाश आतल्या आत परतून पुन्हा खडकावर पडतो व शोषला जातो. त्याच वेळी त्या थरावरून आकाशाचे प्रतिबिंबही चमकते. पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहिल्यास ही चमक ध्रुवित असते आणि ध्रुवणकारी गाळणीने ती पुष्कळशी काढून टाकता येते.

किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सायंकाळी सूर्य समुद्रावर उतरतो. तो क्षितिजापासून १० अंशांवर असताना एक मीटर उंचीच्या दगडाची सावली साडेपाच मीटरांहून लांब पडते. दुपारी सपाट भासणारा वालुकाश्म आता आपली प्रत्येक खाच दाखवितो. परंतु हा काळ थोडा असतो आणि नेमक्या त्याच वेळी माणसाचे लक्ष पायांखालून सुटते. निरनिराळ्या लांबीच्या लाटा एकत्र येऊन अधूनमधून मोठ्या लाटांचा समूह बनतो. बराच वेळ कोरडा असलेला खडक एकाएकी पाण्याखाली जातो. म्हणून जाणता छायाचित्रकार तिपाई मांडण्यापूर्वी दूर उभा राहून पुष्कळ वेळ समुद्र न्याहाळतो. हे निरीक्षण जीव वाचविते आणि चित्रही साधून देते. कारण कोणती लाट कोठे फुटेल हे त्यातूनच उमगते.

वेस्टन यांचे खरे साधन हेच होते. ते त्याच त्या खडकांकडे पुनःपुन्हा गेले. कोणत्या खळग्यात सकाळी सावली असते, ओहोटीला कोणते थर उघडे पडतात, हे त्यांना ठाऊक झाले होते. हवामानावर त्यांची सत्ता नव्हती; परंतु ज्या दिवशी जे हवामान येई त्याला साजेसा विषय त्यांच्या मनात तयार असे.

पुढे त्यांना कंपवात जडला. अवजड कॅमेरा घेऊन खडकांतून फिरणे आणि भिंग जुळविणे अवघड होत गेले. १९४८ साली त्यांनी आपले अखेरचे छायाचित्र घेतले ते पॉइंट लोबोस येथेच. विषय होता किनाऱ्यावरचे दगड. १ जानेवारी १९५८ रोजी ते निवर्तले. त्यांची रक्षा याच किनाऱ्यावर विसर्जित करण्यात आली आणि तेथील एका लहानशा पुळणीला आज त्यांचे नाव आहे.

आज फिल्मची जागा बहुतांशी अंकीय संवेदकाने घेतली आहे. उजळ आणि काळोख्या भागांची वेगवेगळी चित्रे घेऊन यंत्रच ती जोडते. ल ग्रे यांची युक्ती आता क्षणात साधते. तरीही धुके केव्हा विरेल, लाट कोठे फुटेल आणि कोणत्या खडकाला कोणता प्रकाश मानवतो, हे यंत्राला सांगता येत नाही. ते शिकण्यासाठी त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते.