साखळीची कडी घडविताना

हिवाळ्याच्या दिवसांत लोधीखेडा, सौसर, पांढुर्णा या आमच्या भागात कबड्डीचे सामने रंगतात. कपाशीची वेचणी चालू असते, संत्र्यांनी भरलेल्या गाड्या नागपूरच्या रस्त्याला लागलेल्या असतात, आणि दिवसभराचे काम आटोपून माणसे मैदानाच्या दोरीभोवती दाटीने उभी राहतात. अशा वेळी प्रेक्षकांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. सर्वांचे डोळे चढाई करणाऱ्या गड्यावर खिळलेले असतात. तो दोन गडी बाद करून परतला की टाळ्यांचा कडकडाट होतो. तो धरला गेला, तरी चर्चा त्याचीच होते. ज्याने त्याला धरले, त्याचे नाव क्वचितच कोणी विचारतो. साहजिकच शाळेतील मुलांना विचारावे, तर बहुतेकांना चढाईपटू व्हायचे असते.

श्रोतेहो, ज्याच्यासारखे व्हावे असे मुलांना सहसा वाटत नाही, त्या बचावपटूविषयी आज मला बोलायचे आहे. व्यावसायिक संघांत तरुण बचावपटू कसा घडवितात, आणि त्यापासून आपल्या गावच्या मैदानांनी काय घ्यावे, हा आजचा विषय आहे.

प्रथम बचावाचे काम नीट समजून घेऊ. चढाईपटूला एका चढाईस ३० सेकंद मिळतात. त्याच्यासमोर सात गडी असतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूस इतर साथीदार, आणि त्यांत ज्यांना सर्वत्र ‘कव्हर’ म्हणतात ते दोघे. हे गडी हातांत हात गुंफून साखळी करतात. चढाईपटूने बोनस रेषेकडे पाय टाकला की कोपरारक्षकाने सूर मारून घोटा धरावा, किंवा त्याची पाठ वळताच मांडी पकडावी. तो मध्यरेषेकडे पळू लागला की कव्हरने त्याची वाट अडवावी, किंवा धक्का देऊन त्याला मैदानाबाहेर काढावे. ऐकताना हे सोपे वाटते. परंतु चढाईपटूला कोठे जायचे ते ठाऊक असते आणि बचावपटूला ते ओळखायचे असते. त्यात चूक झाली, तर गुण तर जातोच, शिवाय त्याला स्वतः मैदानाबाहेर बसावे लागते.

पकड साधली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. संघाला गुण मिळतो, समोरचा चढाईपटू बाद होतो, आणि बाहेर बसलेला आपला एक गडी पुन्हा आत येतो. आपल्या खेळाच्या भाषेत तो ‘जिवंत’ होतो. तेव्हा यशस्वी पकड ही एका साथीदाराला परत आणणारी कृती आहे. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता पकड झाली, तर तिला दोन गुण मिळतात. संकटात सापडलेल्यांनी एकमेकांना धरून राहावे, याला नियमांनीच असे बक्षीस ठेवले आहे.

अशा प्रकारचे काम करणारे खेळाडू केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही. अमेरिकेत जो फुटबॉल खेळतात, त्यात चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या आणि चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. समोरून येणारा लोंढा अंगावर घ्यायचा आणि मागच्याला वाट करून द्यायची, एवढेच त्यांचे काम. सामन्यामागून सामने जातात, तरी चेंडू त्यांच्या हाती धावण्यासाठी येत नाही. या पाचांपैकी एक जरी चुकला, तर उरलेल्या चौघांचे कष्ट वाया जातात. म्हणूनच तेथील शिक्षक म्हणतात की, या जागेवरचा तरुण तयार करण्यास सर्वाधिक सबुरी लागते.

तिकडचे एक उदाहरण सांगतो. जॉर्डन मायलाटा नावाचा ऑस्ट्रेलियात वाढलेला एक तरुण रग्बी खेळत असे. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो खेळला नव्हता. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाने निवडीच्या अगदी शेवटच्या, सातव्या फेरीत त्याला घेतले. पहिली दोन वर्षे तो मुख्य स्पर्धेच्या एकाही सामन्यात उतरला नाही. दुखापतीही झाल्या. या काळात जेफ स्टाऊटलँड या शिक्षकाच्या हाताखाली उभे कसे राहावे, पाय मागे कसा सरकवावा, हात कोठे ठेवावा, हेच तो शिकत होता. २०२० साली तो मैदानात आला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच्या संघाने तेथील सर्वोच्च विजेतेपद मिळविले, तेव्हा तो त्या भिंतीचा आधारस्तंभ होता. दोन वर्षांत एकही सामना न खेळलेल्या माणसाला संघाने टाकून दिले असते, तर त्यांना हा खेळाडू लाभता ना.

आपल्याकडे कबड्डीत व्यावसायिक संघांची लीग २०१४ साली सुरू झाली. आठ संघांनी आरंभ झाला. २०१७ साली ते बारा झाले. लिलावाखेरीज नवोदित मुलांना संघात घेऊन तयार करण्याची सोयही पुढे झाली. या लीगच्या अनुभवातून बचावपटूंच्या घडणीविषयी दोन गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली गोष्ट अशी की, बचावपटू एकट्याने घडत नाही. तो जोडीने घडतो. मुंबईच्या संघातून सुरेंद्र नाडा आणि मोहित छिल्लर हे दोन कोपरारक्षक पुढे आले. एक डावीकडे, एक उजवीकडे. २०१५ साली हा संघ विजेता झाला. पुढच्या वर्षी हे दोघे बंगळूरच्या संघात गेले, तेही बरोबरच. आणि २०१७ साली हरियाणाच्या संघातही दोघे बरोबरच होते. एवढा पैसा खर्चणाऱ्या संघांनी दोघांना एकत्र घ्यावे, याचा अर्थ उघड आहे. डाव्या कोपऱ्याने पाय धरला, त्याच क्षणी उजव्याने धावून यावयाचे असते. अर्ध्या क्षणाचा उशीर झाला, तर बलदंड चढाईपटू पाय धरणाऱ्यालाही ओढीत मध्यरेषेवर हात टेकवितो. हा अर्धा क्षण शब्दांनी शिकविता येत नाही. शेकडो वेळा एकत्र पडल्यावर आणि एकत्र उठल्यावरच तो अंगात भिनतो.

दुसरी गोष्ट सबुरीची. येथे नवख्या खेळाडूचे सर्वात मोठे वैगुण्य भित्रेपणा हे नसते, उतावीळपणा हे असते. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे भागच असते, नाहीतर चढाईपटू बाद होतो. म्हणजे पहिल्या दोन चढायांत बचावपटूने काही न करणे हेही कित्येकदा उत्तम काम असते. परंतु तरुण रक्ताला ‘काही न करणे’ जमत नाही. समोरचा उगीच पाय पुढे करतो, हा झेप घेतो, आणि नसलेला गुण देऊन बसतो. उत्तर प्रदेशच्या संघातील नितेश कुमार २०१७ साली प्रथम लीगमध्ये खेळला आणि दुसऱ्याच वर्षी, एका हंगामात पकडींचे शंभर गुण मिळविणारा पहिला बचावपटू ठरला. केवळ ताकदीने एवढे गुण मिळत नाहीत. कोणत्या पायावर झेपावायचे नाही, हे कळावे लागते.

आता प्रत्यक्ष शिकवणीकडे वळू. आरंभी मुलास पकडू देऊ नये, पडायला शिकवावे. खांदा, कुशी, मांडी यांवर भार घेऊन पडता आले, म्हणजे निम्मी दुखापत टळते. मग गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, चवड्यांवर सरकण्याचा सराव. त्यानंतर साखळीची चाल: सातही जणांनी हात न सोडता, एका सुरात मागे-पुढे होणे. मग सावकाश गतीने घोटा, गुडघा, मांडी आणि कंबर यांच्या पकडी. सूर मारताना डोके समोरच्याच्या गुडघ्याच्या वाटेत येता कामा नये, हे इतक्या वेळा सांगावे की मुलगा कंटाळला पाहिजे. खऱ्या वेगाची झुंज सर्वांत शेवटी. आपल्या मैदानांवर बहुधा हा क्रम उलटा असतो. मुलगा आडदांड दिसला की त्याला पहिल्याच दिवशी कोपऱ्यात उभे करतात, आणि पहिल्याच महिन्यात त्याचा गुडघा किंवा खांदा कायमचा दुखावतो.

परंतु शरीराच्या दुखापतीहून मला अधिक चिंता वाटते ती मनाच्या दुखापतीची. एका मैदानावर पाहिलेला प्रसंग मी विसरू शकत नाही. शांत स्वभावाचा, अंगाने भरलेला एक मुलगा कोपऱ्यात खेळत होता. अटीतटीच्या क्षणी त्याची पकड सुटली आणि सामना गेला. आपल्याच माणसांनी सर्वांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. तो पुढल्या सामन्याला आला, परंतु त्या दिवसापासून त्याने झेप म्हणून घेतली नाही. चढाईपटू जवळ आला की तो एक पाऊल मागे सरके. काही दिवसांनी त्याने मैदान सोडले. चढाईपटू हुकला, तर पुढच्या चढाईत त्याला पुन्हा संधी मिळते, आणि लोकही विसरतात. बचावपटूची चूक मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर, जमिनीवर पालथी पडलेली असते. म्हणून त्याला चुकण्याची मुभा अधिक हवी, कमी नव्हे. फसलेल्या झेपेनंतर ‘वेळ चुकली, पाय बरोबर निवडलास’ एवढे एक वाक्य शिक्षकाने उच्चारले, तर कदाचित एक खेळाडू वाचतो.

बचावाची उपेक्षा किती महाग पडते, याचा धडा साऱ्या देशाला एकदा मिळालेला आहे. १९९० साली आशियाई स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताने जिंकले. २०१८ साली जकार्ता येथे उपांत्य फेरीत इराणने भारताला २७–१८ असे हरविले. आपल्या नामवंत चढाईपटूंना इराणच्या बचावाने जखडून टाकले. त्या संघात फजल अत्राचली होता. हाच फजल २०१५ साली मुंबईच्या संघात, नाडा आणि छिल्लर यांच्या सहवासात होता. पुढे त्याने या लीगमध्ये पकडींचे चारशेहून अधिक गुण मिळविले. ज्या विद्येला आपण मान दिला नाही, ती विद्या त्याने आपल्याच अंगणात पक्की केली. २०२३ साली हांगझौ येथे भारताने इराणवर ३३–२९ असा विजय मिळवून सुवर्णपदक परत आणले, हे खरे; परंतु धडा धडाच राहतो.

महाराष्ट्रातील पुण्याच्या संघाने तो चांगला गिरविला. २०२२ च्या अंतिम सामन्यात हा संघ जयपूरकडून २९–३३ असा हरला. हरलेला संघ मोडून टाकण्याचा मोह मोठा असतो. परंतु पुढच्या हंगामातही संकेत सावंत, अभिनेश नादराजन, गौरव खत्री ही तरुण बचावफळी कायम राहिली, आणि तिच्या जोडीला इराणचा मोहम्मदरझा शादलुई आला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे पुण्याने हरियाणाला २८–२५ असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळविले. दोन्ही बाजूंचे गुण किती थोडे आहेत पाहा! तो सामना पकडींचा होता.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. बारा संघांत वीस-पंचवीस खेळाडू धरले, तरी साऱ्या देशातून अडीच-तीनशे जणांनाच तेथे जागा आहे. म्हणून कबड्डीसाठी शाळा सोडणाऱ्या मुलाला शाबासकी देणे हे त्याच्याशी वैर करण्यासारखे आहे. रेल्वे, सेनादले, पोलीस यांच्या संघांतून खेळाडूंना नोकऱ्या मिळत आल्या आहेत. परंतु तेथेही शिक्षण विचारतातच. सकाळी पुस्तक, संध्याकाळी मैदान, हाच राजमार्ग होय.

आमच्या भागाला कबड्डी नवी नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रदर्शन जगाला घडविले ते येथून फार दूर नसलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. आणि सबुरीचा धडा आमच्या शेतकऱ्याला मी काय सांगावा? जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेले संत्र्याचे कलम लावल्यावर चार-पाच वर्षे तो बहाराची वाट पाहतो. कोवळ्या झाडावर आलेली फुले तो फळ धरू देत नाही. आधी खोड भरू देतो. झाडाच्या बाबतीत ज्याला हे कळते, त्याला मुलाच्या बाबतीत कळणार नाही काय?

तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात सामने भरतील, तेव्हा आयोजकांनी एवढेच करावे. उत्कृष्ट चढाईपटूच्या बक्षिसाइतकेच मोठे बक्षीस उत्कृष्ट पकडीसाठी ठेवावे, आणि ते शक्य तर जोडीला द्यावे. ध्वनिक्षेपकावरून चढाईपटूच्या नावाबरोबर त्याला धरणाऱ्याचेही नाव घ्यावे. आणि एखाद्या मुलाची पकड सुटली, तर दोरीबाहेर उभे असलेल्या आपण सर्वांनी क्षणभर जिभेला आवर घालावा. तो मुलगा मातीतून उठून पुन्हा साथीदाराचा हात धरतो की नाही, हे कित्येकदा आपल्या त्या एका क्षणावर अवलंबून असते.