चहाचा परिमल आणि त्याची पारख

झुडपावरून नुकताच खुडलेला चहाचा पाला नाकाशी धरला, तर ज्यास आपण चहाचा वास म्हणतो त्याचा मागमूसही त्यात सापडत नाही. सापडतो तो कापलेल्या हिरवळीचा कच्चा दर्प. जिरॅनिऑल, लिनालूल इत्यादी ज्या द्रव्यांमुळे पुढे सुगंध उत्पन्न व्हावयाचा, ती पानाच्या पेशींत शर्करेच्या रेणूंशी जखडलेली आणि म्हणूनच गंधहीन असतात. पाने सुकवून चुरडली आणि पेशींची आवरणे फुटली, म्हणजे पानातीलच विकरे त्यांस मोकळे करतात. आणि पानातील कॅरोटिनाचे विघटन होऊन व्हायोलेटच्या फुलासारख्या वासाचे बीटा-आयोनोन हे द्रव्य जन्मास येते. तयार चहात अशी सहाशेहून अधिक बाष्पनशील द्रव्ये रसायनज्ञांनी नोंदली आहेत, आणि तरीही त्या सर्वांचे एकत्रित वजन वाळलेल्या चहाच्या शंभर भागांत एका भागाच्या शतांशाच्या आसपास भरते.

चहाच्या सुगंधाचे उंची अत्तर पारखावयास बसणाऱ्याने हा तपशील आधी ध्यानात घ्यावा, कारण अशा अत्तरात चहा बहुधा नसतोच. पानांपासून द्रावकाने काढलेला अर्क मिळतो खरा; परंतु त्यास वाळलेल्या गवताचा आणि तंबाखूचा जड वास असतो, पेल्यावरील वाफेची प्रसन्नता त्यात उतरत नाही. तेव्हा सुगंधकारास चहा नव्याने रचावा लागतो, आणि ह्या रचनेचे आद्य व अद्यापि सर्वांत निर्मळ उदाहरण म्हणून मी 'ओ पारफ्युमे ओ ते व्हेर' ह्या अत्तराकडे पाहतो. रोमच्या बुल्गारी ह्या जवाहिऱ्यांच्या पेढीने १९९२ च्या सुमारास ते बाजारात आणले. त्याचे कर्ते झाँ-क्लोद एलेना, फ्रान्समधील ग्रास ह्या सुगंधव्यवसायाच्या नगरीचे रहिवासी. पॅरिसमध्ये १८५४ पासून चालत आलेल्या मारियाज फ्रेर ह्या चहाच्या पेढीतील डबे हुंगत असता त्यांस ही कल्पना सुचली, आणि आयोनोन व हेडिओन ही दोन द्रव्ये एकत्र आणताच चहाचा भास उभा राहतो हे त्यांनी ताडले.

ह्या दोहोंपैकी आयोनोनचा इतिहास आपल्या परसापर्यंत पोहोचतो. टीमान व क्र्युगर ह्या जर्मन रसायनज्ञांनी १८९३ साली व्हायोलेटचा वास कृत्रिम रीतीने सिद्ध केला, तो सिट्रल व ॲसिटोन ह्यांच्या संयोगातून. आणि सिट्रल विपुल प्रमाणात असते ते आपण चहात टाकतो त्या गवती चहाच्या जातीच्या गवतांच्या तेलात. दुसरे द्रव्य हेडिओन. चमेलीच्या सुगंधातील एका घटकाचे हे जवळचे नातलग. अंगी स्वतःचा वास फारसा नसलेले, परंतु शेजारच्या गंधांमध्ये मोकळी हवा खेळविणारे. एदमाँ रुदनित्स्का ह्यांनी १९६६ च्या 'ओ सोव्हाज' मध्ये त्याचा उपयोग केल्यापासून सुगंधशास्त्राची तऱ्हाच पालटली. एलेनांनी ह्या पायावर बर्गमोट, वेलदोडा व धने ह्यांची हलकी योजना केली.

पारख करताना पहिली खबरदारी ही की बाटली, नाव आणि किंमत परीक्षकाच्या दृष्टीआड असावी. शोषक कागदाच्या तीन पट्ट्या घेऊन दोहोंवर एकच अत्तर आणि तिसरीवर त्यासारखे दुसरे लावावे व वेगळी पट्टी ओळखण्यास सांगावे. केवळ अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येणारच, म्हणून चाचणी पुनःपुन्हा घ्यावी. ज्यास फरकच कळत नाही त्याने श्रेष्ठकनिष्ठतेचा फैसला देऊ नये. त्यानंतर तेच अत्तर मनगटावर लावून मिनिटामिनिटाने नव्हे, तर पुरेशा मुदतीने हुंगावे. बर्गमोटमधील लिमोनीन आधी उडून जाते, लिनालूल त्यामागून, आणि जड रेणूंचे हेडिओन कागदावर दीर्घकाळ टिकते. म्हणजे एका तासापूर्वीचे अत्तर व आताचे अत्तर ह्यांची घडण वस्तुतः भिन्न असते. शिवाय सतत हुंगल्याने नाक थकते आणि गंध असूनही नाहीसा वाटतो; त्यावर मोकळ्या हवेत थोडा वेळ थांबण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

परंतु खरी अडचण परीक्षकाच्या जन्मजात घडणीत आहे, आणि मला ह्या विषयात सर्वाधिक विचारार्ह वाटते ती हीच गोष्ट. मनुष्याच्या नाकात सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राहक असतात. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल ह्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला व त्याबद्दल त्यांस २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी 'ओआर-पाच-ए-एक' नावाच्या ग्राहकाच्या जनुकात एका अक्षराचा फरक असला की बीटा-आयोनोनचे ज्ञान पार बदलते, असे न्यूझीलंडमधील संशोधकांनी २०१३ साली दाखविले. ज्यांचे नाक संवेदनक्षम, त्यांस ते पुष्पगंधी भासते, आणि पाण्याच्या एक अब्ज भागांत ०.००७ भाग इतके सूक्ष्म असले तरी जाणवू शकते. इतरांस ते मोठ्या प्रमाणात हुंगूनही आंबट किंवा झणझणीत लागते. म्हणून एलेनांची ही कृती ज्यास केवळ बर्गमोट टाकलेले पाणी वाटली, त्याची जबानी खोटी ठरविण्याचा अधिकार कोणासही नाही; ज्या द्रव्यावर चहाचा सारा भास उभा आहे, ते त्याच्या नाकाच्या दफ्तरी पुष्पगंध म्हणून कधी दाखलच झालेले नसते. परीक्षक मंडळापुढे प्रथम शुद्ध आयोनोनची पट्टी ठेवून कोण कोणत्या वर्गातला ह्याची नोंद करावी, आणि मगच अत्तराविषयी अभिप्राय मागवावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

माझा स्वतःचा अभिप्राय त्या अत्तरास अनुकूल आहे. ते कलोनच्या सौम्य प्रमाणात असल्याने दीर्घकाळ टिकत नाही, ही तक्रार रास्त आहे आणि मोल देणाऱ्याने ती जरूर करावी. परंतु घट्ट, चिवट द्रव्ये भरून त्याची मुदत वाढविली असती, तर ज्या हलकेपणामुळे वाफेची आठवण होते तो हलकेपणाच हरपला असता. किंमतीवरूनही त्याचा कस ठरू नये. आयोनोन व हेडिओन ही दोन्ही आज कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर तयार होतात, कोणाही सुगंधकाराच्या फडताळात ती सापडतील. सहाशे द्रव्यांच्या गर्दीतून ह्या दोहोंकडे बोट दाखविणारी निवड तेवढी एलेनांची आहे.