डॉल्फिनचा बिल्ला: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेरुळहून उरणची लोकल धरली की शेवटच्या स्टेशनापलीकडे करंजा येतं. या करंजाचंच नाव आपल्या पाणबुडीला आहे: ‘आयएनएस करंज’. पहिली १९६९ मध्ये सोव्हिएत संघात भारतीय नौदलात दाखल झाली. आताची माझगाव डॉकने बांधली आणि ती १० मार्च २०२१ रोजी सेवेत आली. अशा पाणबुड्यांवरची माणसं छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लावतात. त्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज: हे शौर्यपदक आहे आणि ते फक्त अधिकाऱ्यांना मिळतं.
वस्तुस्थिती: पदक पराक्रमासाठी असतं, हा बिल्ला परीक्षा देऊन कमवावा लागतो, अधिकाऱ्याने आणि खलाशानेही. हवा, तेल, पाणी, वीज कुठून कुठे जाते हे सगळं पाठ हवं. अंधारातही हात नेमक्या झडपेवर पडला पाहिजे. स्वयंपाक्यालाही यातून सूट नाही, कारण पाणी आत शिरलं तर जवळ असेल त्यालाच ते थांबवावं लागतं.

गैरसमज: सगळीकडे पहिल्यापासून डॉल्फिनच होता.
वस्तुस्थिती: जर्मनीच्या १९१८ च्या बिल्ल्यावर पानांच्या लंबवर्तुळात पाणबुडी होती, डॉल्फिन नव्हता. अमेरिकेत कॅप्टन अर्नेस्ट किंग यांनी १९२३ मध्ये बिल्ल्याची कल्पना मांडली आणि १९२४ मध्ये ती मंजूर झाली: मधोमध पाणबुडीचा पुढचा भाग, दोन बाजूंना दोन डॉल्फिन. ब्रिटिशांनी पुढे दोन डॉल्फिनांमध्ये नांगर आणि मुकुट घेतला.

गैरसमज: बिल्ल्यावर आपल्या कोकणातला डॉल्फिन, म्हणजे गादाच, हुबेहूब काढलेला असतो.
वस्तुस्थिती: अनेक बिल्ल्यांवरचा डॉल्फिन जुन्या युरोपीय चित्रांतून आला आहे, खवल्यांचा आणि वळलेल्या शेपटीचा. खऱ्या डॉल्फिनला खवले नसतात. तरीही प्रतीक चपखल आहे. तो श्वासासाठी वर येतो. ‘करंज’सारख्या डिझेल-विद्युत पाणबुडीलाही बॅटऱ्या भरण्यासाठी हवा घ्यायला पृष्ठभागाजवळ यावं लागतं.

गैरसमज: बिल्ला आणि पाणबुडीचं बोधचिन्ह एकच.
वस्तुस्थिती: बोधचिन्ह पाणबुडीचं असतं, बिल्ला माणसाचा. ‘करंज’वरून ‘वागशीर’ या दुसऱ्या पाणबुडीवर बदली झाली की बोधचिन्ह बदलतं, डॉल्फिन छातीवर तसाच राहतो. नव्या सोबत्यांना तो एवढंच सांगतो: याच्या पहाऱ्यात निर्धास्त झोपा.