वाळवणाच्या दिवसांतली शाळा

चैत्र लागला की छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरच्या गच्च्यांवर जुनी लुगडी पसरतात आणि त्यांवर कुरडयांच्या ओळी पडू लागतात. गव्हाचा चीक पहाटेच शिजवायचा आणि साचा नऊच्या आत फिरवून मोकळं व्हायचं, कारण त्यानंतर गारखेड्याकडचं ऊन गच्चीवर पाय ठेवू देत नाही. मग घरातल्या पाच-सहा वर्षांच्या लेकराला जिन्याच्या सावलीत बसवतात, कावळे हाकायला. ते बसल्या बसल्या ओळी मोजतं. मोडकी कुरडई बाजूला काढतं. ओली कुठली, वाळलेली कुठली, हे बोट लावून सांगतं. आईला विचारलं, लेकरू काय करतंय, तर ती म्हणेल, काही नाही, बसलंय.

त्या ‘काही नाही’मध्ये पहिलीच्या गणिताचा पाया असतो. वस्तू निवडणं, क्रम लावणं, एका वस्तूला एक अंक जोडत मोजणं, थोडं आणि जास्त यांतला फरक ओळखणं, हे ज्याला आलं त्याला जूनमध्ये फळ्यावरचा ५ परका वाटत नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी शाळांमध्ये २०२२पासून याच दिवसांत एक मेळावा भरतो आणि आयांना हीच गोष्ट सांगतो. कागदोपत्री त्याचं नाव ‘शाळापूर्व तयारी अभियान, पहिले पाऊल’. वस्तीत त्याला नुसता मेळावा म्हणतात. शालेय शिक्षण विभाग, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि ‘प्रथम’ ही संस्था यांनी मिळून स्टार्स प्रकल्पातून तो उभा केला. निमित्त करोनाचं होतं. अंगणवाड्या आणि शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या होत्या, आणि त्या वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी अंगणवाडीचा उंबरठाही नीट पाहिलेला नव्हता. त्यांना थेट बाकावर बसवून अक्षरं गिरवायला लावणं अन्यायाचं झालं असतं. साथ गेली, मेळावा मात्र टिकला, आणि तो टिकला हे फार चांगलं झालं.

पुंडलिकनगरसारख्या वस्तीत त्याचं मोल जास्त का, हे समजायला वस्ती कशी वाढली ते पाहावं लागतं. एका बाजूला सिडकोचा एन-४, दुसऱ्या बाजूला गजानन महाराज मंदिराकडे जाणारा रस्ता, मुकुंदवाडी हाकेच्या अंतरावर आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत कामाला जाता येईल इतकी जवळ. या पट्ट्यातल्या कित्येक वसाहती गुंठेवारीतून उभ्या राहिल्या. जालना, बीड, परभणीकडून आलेल्या माणसांनी आधी खोली बांधली, मग वरचा मजला, मग गच्ची. गावाकडची आजी इथे नाही, चावडी नाही, चुलत्यांचं अंगण नाही. लेकराला सांभाळायला, गोष्ट सांगायला, बोट धरून शाळेत न्यायला घरात एकटी आई असते, आणि तीही बऱ्याचदा धुणीभांडी, शिवणकाम किंवा कंपनीतली पाळी करून आलेली. तिला आधार मिळाला नाही तर लेकराला कुठून मिळणार?

शाळेचं नवं वर्ष जूनला सुरू होतं, पण शाळेची धावपळ सुरू होते ती पाडव्याला. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ ही घोषणा मराठी शाळांच्या शिक्षकांना चांगली ठाऊक आहे. पाडव्याला पाटीपूजन करण्याची जुनी रीत होती, तोच धागा पकडून दाखलपात्र मुलांची नावं नोंदवली जातात. सकाळची शाळा सुटली की शिक्षक दोघा-दोघांनी गृहभेटींना निघतात. हातात वही, डोक्यावर रुमाल किंवा पदर, आणि दारोदार एकच प्रश्न: घरात सहा वर्षांचं कोणी आहे का? इंग्रजी शाळांच्या गाड्या वस्तीच्या तोंडाशी उभ्या राहू लागल्यापासून हा प्रश्न विचारणं सोपं राहिलेलं नाही. तरी ते विचारतात. दुपारच्या उन्हात लोखंडी जिने चढून उतरणाऱ्या या शिक्षकांचा उल्लेख पट वाढल्याच्या बातमीत क्वचितच येतो, म्हणून तो इथे मुद्दाम करतो.

मग एप्रिलमध्ये मेळावा. सकाळी आधी प्रभातफेरी निघते. लेझीम, ढोल, पुठ्ठ्याच्या पाट्या, मोठ्या वर्गातली मुलं पुढे आणि यंदा दाखल होणारी चिमुरडी मागे, काहींच्या डोक्यावर कागदाचे मुकुट. शाळेच्या आवारात किंवा व्हरांड्यात सात टेबलं मांडलेली असतात. पहिल्या टेबलावर नोंदणी होते आणि मुलाच्या हातात विकासपत्र येतं. ते घेऊन मूल पुढच्या पाच टेबलांवरून फिरतं. शारीरिक विकासाच्या टेबलापाशी खडूने आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळत चालायचं, दोरीवरून उडी मारायची, मणी ओवायचे, चित्रात रंग भरायचा. बौद्धिक विकासाच्या टेबलावर लहानमोठ्या वस्तू क्रमाने लावायच्या, जोड्या जुळवायच्या. त्यापुढच्या टेबलावर स्वतःबद्दल, घरातल्या माणसांबद्दल बोलायचं. भाषेच्या टेबलावर चित्र पाहून सांगायचं, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगायची. गणनपूर्व तयारीच्या टेबलावर कमी-जास्त, आकार, मोजणी. प्रत्येक ठिकाणी शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा वस्तीतली शिकलेली मुलगी शेजारी बसून पत्रावर खूण करते: हे स्वतःहून येतं, याला मदत लागली, याचा सराव हवा.

परीक्षा आणि हा मेळावा यांतला फरक मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो. रेषेवरून पाय घसरला तर ते हसतं, परत मागे जाऊन चालू लागतं. इथे नापास नाही, आणि प्रवेशही याच्यावर अवलंबून नाही. सरकारी शाळेत सहा वर्षांच्या मुलाला प्रवेश हा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्यामुळे आईला खोटं बोलावं लागत नाही, मूल घोकून आणावं लागत नाही. शहरात काही ठिकाणी पहिलीच्या आधीच मुलाखतीच्या खोलीत ज्यांची लेकरं रडली, त्या आयांना या मोकळेपणाची किंमत चटकन कळते.

सातवं टेबल पालकांचं. माझ्या मते मेळाव्याचा प्राण तिथे आहे. विकासपत्र आईच्या हातात देऊन तिला समजावून सांगतात: तुमच्या लेकराला बोलायला येतं, मोजायला येतं, कात्री धरायला अजून जमत नाही, गोष्ट मधेच सोडतं. हे ऐकताना पुष्कळ आया आधी मान खाली घालतात. शाळेने बोलावलं म्हणजे तक्रार असणार, फी बाकी असणार नाहीतर सही हवी असणार, असाच त्यांचा आजवरचा अनुभव. ‘मी कुठं शिकलेय मॅडम, मी काय शिकवणार’ हे वाक्य तिथे हमखास येतं. आणि त्याला उत्तर मिळतं ते तिच्याच स्वयंपाकघरातून. मेथी निवडताना काड्या आणि पानं वेगळी करायला द्या. वाट्या लहानापासून मोठ्यापर्यंत रचायला सांगा. दारातल्या चपलांच्या जोड्या लावू द्या. पोळ्या मोजून ताटात वाढू द्या. रात्री झोपताना दिवसभरात काय झालं ते विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या, मधे तोडू नका. कणीक मळू द्या, बोटांत बळ येतं आणि पेन्सिल धरता येते.

अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हे सगळं जमतं, आणि शाळेने पहिल्यांदाच तिच्याकडे असं काही मागितलेलं असतं जे तिच्याजवळ भरपूर आहे. पालकांचा सहभाग हा शब्द गेली कित्येक वर्षं परिपत्रकांतून फिरतो आहे. पण सहभाग मिळतो तो अशा मागण्यानेच.

मेळावा एक दिवसाचा, काम मात्र पुढच्या आठ-दहा आठवड्यांचं. एका गल्लीतल्या, एका चाळीतल्या पाच-सहा आयांचा गट करतात आणि त्यांच्यातलीच एक गटाची पुढारी होते, तिला लीडर माता म्हणतात. दर आठवड्याला कृतींची एक पत्रिका येते, तिला आयडिया कार्ड असं नाव आहे, आणि सोबत मोबाइलवर छोटी चित्रफीत. ज्या आईला वाचता येत नाही तिला शेजारीण वाचून दाखवते किंवा चित्रफीत दाखवते. गट जमतो तो कधी ओट्यावर, कधी अंगणवाडीत, कधी पापड लाटायला बसलेल्या बायकांतच. आणि पापड लाटताना जमलेला गट सगळ्यांत चांगला चालतो, हे जरूर लिहून ठेवायला हवं. हात कामात असतात, तोंडं मोकळी असतात, लेकरं भोवती असतात आणि लाट्या मोजायला कोणीतरी लागतंच.

फक्त एक दिवस गटाला वगळावा लागतो: पाण्याचा दिवस. हे शहर जायकवाडीच्या नाथसागरावर जगतं, पण नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं आणि उन्हाळ्यात ते अंतर आणखी जाचतं. ज्या दिवशी वस्तीला पाणी सुटतं त्या दिवशी बाईला दुसरं काही सुचत नाही. टाकी, ड्रम, हंडे, कळशा. मेळाव्याची तारीख ठरवताना शाळेने वस्तीचं पाण्याचं वेळापत्रक पाहिलं नाही तर अर्धं अंगण रिकामं राहतं. वस्ती ओळखणारा शिक्षक ही चूक करत नाही.

हे सगळं नवं आहे असं मात्र मानू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा मुलं येईनात, म्हणून शाळाच वस्तीत नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या यांचीच शिक्षणसाधनं केली. विकतची साधनं परवडत नव्हती हे एक कारण, आणि मुलाच्या हाताला आधीच ओळखीची असलेली वस्तू त्याला लवकर शिकवते हे दुसरं. घराच्या अंगणात जाऊन शिकवणारी ती अंगणवाडी. त्याच नावाने १९७५पासून एकात्मिक बालविकास योजना देशभर पोचली. पुंडलिकनगरच्या गच्चीवरची कुरडई आणि कोसबाडचा शिंपला एकाच विचाराच्या पोटातले आहेत. आणि एप्रिलच्या ११ तारखेला जोतिरावांची, १४ला बाबासाहेबांची जयंती या शहरात ज्या उत्साहाने साजरी होते, त्याच पंधरवड्याच्या आसपास ही लेकरं शाळेच्या दारात येतात, याचाही मला फार आनंद वाटतो.

कायद्याने पालकांना शाळेत जागा दिलेली आहेच. शिक्षणहक्क कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१०पासून. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. शाळेचा विकास आराखडा करणं, पोषण आहारावर नजर ठेवणं, अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं ही समितीची कामं. पण सभेच्या नोंदवहीत सही करून गप्प बसणाऱ्या मातांना बोलतं कोण करणार? माझा अनुभव असा की जी बाई उन्हाळाभर पाच जणींचा गट चालवते, ती पुढे समितीच्या सभेत पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली असं विचारायला कचरत नाही. बोलण्याची सवय तिला ओट्यावर लागलेली असते.

उणिवा आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. पहिली म्हणजे वडील. बहुतेक ठिकाणी मेळावा आयांचा होतो. वडील रात्रपाळी करून झोपलेले असतात किंवा दिवसपाळीला गेलेले. गटाचं नावही माता गट. लेकराला गोष्ट सांगणं हे बाईचंच काम, असा समज त्यातून नकळत घट्ट होतो. रविवारी सकाळी मेळावा घेतला तर बापाचं बोट धरून येणारी मुलं दिसतील. दुसरी उणीव भाषेची. या भागात घरी उर्दू, हिंदी, गोरमाटी बोलणारी कुटुंबंही राहतात. भाषेच्या टेबलावर गप्प बसलेलं मूल मागे पडलेलं असतंच असं नाही, कदाचित त्याला त्याच्या बोलीत विचारलेलंच नसतं. तिसरी उणीव मला सर्वांत बोचते. पताका, रांगोळी, मुकुट आणि छायाचित्रं यांवर वेळ इतका जातो की सातव्या टेबलावर आईशी बोलायला पाच मिनिटंही उरत नाहीत. अहवालात टेबलं मोजली जातात. आईशी काय बोलणं झालं हे कुठल्याच रकान्यात मावत नाही.

आणि मग जूनचा दुसरा मेळावा. शाळा उघडताना तीच टेबलं परत मांडायची, तेच विकासपत्र काढायचं आणि एप्रिलच्या खुणांशेजारी नव्या खुणा करायच्या, अशी मूळ रचना आहे. प्रवेशोत्सवाच्या फुलांत आणि पुस्तकवाटपाच्या गडबडीत हा दुसरा मेळावा घाईत उरकला जाण्याची भीती असते. तो नीट झाला पाहिजे. एप्रिलमध्ये कात्री न धरता आलेलं लेकरू जूनमध्ये सरळ रेषेत कागद कापतं तेव्हा शाळेने काही शिकवलेलं नसतं, शाळा तर बंद होती. ते आईने शिकवलेलं असतं, आणि ते तिला पत्रावर, तिच्या डोळ्यांसमोर, शिक्षकाच्या तोंडून कळायला हवं.

तुमच्या घराजवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत एप्रिलमध्ये हा मेळावा भरेल. त्या सकाळी दोन तास मोकळे ठेवा आणि मुख्याध्यापकांना भेटून सांगा, मला सातव्या टेबलावर बसू द्या. उर्दू किंवा गोरमाटी येत असेल तर आवर्जून जा.